ब्रूसार्डांच्या मूळ गावी

लग्न ठरलं की घराघरांत हॉल, केटरर आणि फोटोग्राफर यांच्यावरून वाद होतात. आमच्या घरात वाद झाला तो एका लाल चांदणीवरून.

आमची मुक्ता आणि आंद्रे यांचं लग्न फेब्रुवारीत आहे, इथेच फ्रिस्कोत, आपल्या पद्धतीने. आमचे गुरुजी आठवडाभर सॉफ्टवेअर टेस्टिंग करतात आणि शनिवार-रविवारी लग्नं-मुंजी लावतात, त्यामुळे त्यांचा कारभार एकदम चोख. त्यांनी ऑनलाइन फॉर्म पाठवला. वधूचं गोत्र, वडील, आजोबा, पणजोबा, वराचंही तेच. कन्यादानाच्या वेळी ही नावं तीन-तीनदा घेतात: अमक्याचा पणतू, अमक्याचा नातू, अमक्याचा मुलगा. प्रत्येक रकान्यापुढे लाल चांदणी होती, म्हणजे तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही.

आमची बाजू मी चहा गार होण्याच्या आत भरली. उमरेडकर, मूळ गाव उमरेड, जिल्हा नागपूर. वडील मी, आजोबा दत्तात्रय, पणजोबा वामन. मूळ गाव आणि माझ्या पणजोबांचं, बळवंतांचं, नाव फॉर्ममध्ये विचारलंच नव्हतं, पण मी ते कंसात लिहिलं. मला लोकांची मुळं विचारायची आणि आपली सांगायची जुनी खोड आहे, आणि माझी बायको नीलिमा हिला त्या खोडीचा जुना राग आहे.

आंद्रेचं गाडं मात्र अडलं. गोत्राचा प्रश्न गुरुजींनी निकालात काढला. ज्यांना माहीत नाही त्यांचं काश्यप. वडील रेमंड ब्रूसार्ड. आजोबा विल्फ्रेड ब्रूसार्ड. पणजोबांच्या रकान्यात मात्र काहीच नाही. आंद्रे चार वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. आई बोमाँटची, म्हणजे टेक्सासचीच, तिला सासऱ्यांच्या पलीकडचं काही ठाऊक नाही. शुक्रवारी संध्याकाळी त्याने फोन करून विचारलं, तर मी सहज बोलून गेलो, “अरे, जोसेफ टाकून दे. फ्रेंच घरात एक तरी जोसेफ असतोच. कोण तपासायला येतंय?”

मग तो म्हणाला, “काका, मी लहानपणापासून ती जागा रिकामी बघतोय. शाळेत फॅमिली ट्री काढायला सांगायचे तेव्हाही रिकामीच असायची. त्याची मला सवय आहे. पण मुक्ताचा हात हातात घेताना मला खोटं नाव नकोय.”

आंद्रे फिजिओथेरपिस्ट आहे, उंच, सावळा, कमी बोलणारा. दोन वर्षांत त्याने मला इतकी मोठी चार वाक्यं सलग ऐकवली नव्हती. मला लाज वाटली. ती झाकायला मी लॅपटॉप उघडून नकाशा पाहत बसलो आणि पाहता पाहता खुर्चीतून उठलोच. लुईझियाना राज्यात, लाफायेत शहराच्या बाजूला, ब्रूसार्ड नावाचं गाव आहे. चक्क गाव. उमरेडकर उमरेडचे, तसे ब्रूसार्ड ब्रूसार्डचे. आता तिथे जायचं, देवळात नाहीतर चर्चमध्ये चौकशी करायची आणि पणजोबा घेऊन यायचे. मला हे इतकं सोपं वाटलं की मी रात्रीच्या जेवणाआधी हॉटेल बुक करून टाकलं.

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. गुरुवारी सकाळी सहाला आम्ही निघालो: मी, नीलिमा आणि आंद्रे. मुक्ता हॉस्पिटलात ड्यूटीवर. “बाबा, प्लीज त्याला इंटरव्ह्यू करू नका,” एवढंच तिने बजावलं. होणाऱ्या सासू-सासऱ्यांबरोबर बंद गाडीत साडेचारशे मैल, हे मी आंद्रेच्या जागी असतो तर नक्की टाळलं असतं.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगून ठेवतो. फ्रिस्कोहून डॅलस ओलांडून आय-ट्वेंटीने पूर्वेला श्रीव्हपोर्ट, साडेतीन तास. तिथून आय-फोर्टीनाइन धरायचा आणि सरळ दक्षिणेला लाफायेत, आणखी तीन-सव्वातीन तास. पहिला टप्पा कंटाळवाणा, दुसरा पाइनच्या झाडांचा. पेट्रोल श्रीव्हपोर्टलाच भरून घ्या, पुढे एक्झिट विरळ आहेत. नीलिमाने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. आंद्रेने चार दशम्या संपवल्या, तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं की जावई पास झाला हे मला कळलं.

ऑपेलुसस गेल्यावर जमीन एकदम सपाट झाली. नीलिमाने काच खाली केली आणि नाक बाहेर काढलं. “अहो, ऊस,” ती म्हणाली. ती सांगलीची आहे, तिला डोळे मिटूनही कळतं. आणि लाफायेतच्या पुढे गेलो तर खरोखर दोन्ही बाजूंना माणसाच्या दुप्पट उंचीचा ऊस, मधूनच तोडून झालेली रानं, उसाने भरलेले जाळीचे ट्रक, रस्त्यावर पडलेली पाचटं आणि दूर कारखान्याची वाफ. अमेरिकेत पंचवीस वर्षं काढून मला माहीत नव्हतं की इथेही गळीत हंगाम असतो. नीलिमा एक ट्रक दिसेनासा होईपर्यंत मागे वळून पाहत होती. मग आंद्रेला म्हणाली, “तुझं गाव माझ्या गावासारखंच आहे रे.” त्याने तो ऊस आयुष्यात पहिल्यांदा पाहिला होता.

हॉटेल लाफायेतमध्ये हायवेलगत, रात्रीचे एकशे दहा डॉलर, नाश्ता धरून. गावात राहण्यापेक्षा हेच स्वस्त पडतं.

शुक्रवारी सकाळी ब्रूसार्ड गाठलं आणि मी हरखून गेलो. पाण्याच्या टाकीवर ब्रूसार्ड. पोलिसांच्या गाडीवर ब्रूसार्ड. ते गावाचं नाव म्हणून सोडून देऊ, पण टायरवाला ब्रूसार्ड, वकील ब्रूसार्ड, दाताचा डॉक्टर ब्रूसार्ड, निवडणुकीला उभ्या असलेल्या माणसाच्या अंगणातल्या पाट्यांवरही ब्रूसार्ड. टेक्सासमध्ये आंद्रेला आपलं आडनाव फोनवर एकेक अक्षर सुटं करून सांगावं लागतं. इथे तो टाचा उंचावून पाट्या वाचत चालला होता. मी त्याचे फोटो काढत सुटलो. मला मनातून फार आनंद झाला होता, जणू हे गाव मीच वसवून त्याला आहेर म्हणून दिलं होतं.

पेट्रोल पंपावर बूदँ मिळतं. भात, डुकराचं मटण आणि मसाला आतड्यात भरून वाफवलेलं. पाच डॉलरला एक लांबलचक तुकडा, कागदात गुंडाळून देतात, गाडीच्या बॉनेटवर ठेवून खायचं. इथे चांगलं बूदँ हॉटेलात नाही, पेट्रोल पंपावरच मिळतं असं सगळे सांगतात, आणि ते खरं आहे. नीलिमाने दशमी खाल्ली. मी दुसरा तुकडा आणायला आत गेलो, आंद्रे पैसे देत होता. काउंटरवर सत्तरीचा एक गोरा गृहस्थ, पांढऱ्या मिशा, पायात रबरी बूट. त्याने कार्डावरचं नाव वाचलं आणि म्हणाला, “ब्रूसार्ड? मीही ब्रूसार्ड.”

आता नागपूरचा माणूस अशा वेळी गप्प बसेल का? मी दोघांच्या मध्ये शिरलो आणि तोंडभर हसून म्हणालो, “म्हणजे तुम्ही भाऊबंद निघालात की. एकाच घराण्यातले.”

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग आंद्रेकडे. आंद्रे जमिनीकडे पाहत होता. मला काहीतरी चुकलंय हे कळलं, पण काय ते कळेना. म्हाताऱ्याने कार्ड परत दिलं, डोक्यावरची टोपी काढून काउंटरवर ठेवली आणि हळू आवाजात आंद्रेला म्हणाला, “असूही शकतो. त्या काळी कुणी लिहून ठेवलं नाही, एवढंच.” मग बूदँचे पैसे घ्यायला त्याने नकार दिला आणि आंद्रेने ते रोख काउंटरवर ठेवलेच.

गाडीत बसल्यावर आंद्रेने मला शांतपणे समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं. “काका, इथे एकच आडनाव असण्याची दोन कारणं असतात. एक, तुम्ही त्या घरात जन्मलात. दुसरं, तुमचे पूर्वज त्या घराच्या मालकीचे होते. कधी कधी दोन्ही.” नीलिमा मागून म्हणाली, “सगळ्यांची मुळं उकरायची तुम्हाला कसली हौस.” मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिला उलट उत्तर दिलं नाही.

मूळ गावाचा माझा सिद्धांत तासाभरात कोसळला. लाफायेतच्या सार्वजनिक ग्रंथालयात वंशावळींची वेगळी खोली आहे, फुकट, आठवड्याच्या दिवशी जा म्हणजे माणूस मदतीला मिळतो. तिथल्या बाईंचं नाव क्लेअर, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. मी त्यांना ब्रूसार्ड गावाची सर्वांत जुनी वही मागितली. त्या हसल्या. “तुम्ही उलटं धरलंय. गावावरून आडनाव नाही आलं, आडनावावरून गाव आलं. एकोणिसाव्या शतकात इथल्या एका व्यापाऱ्याच्या आडनावाने गाव ओळखलं जायला लागलं. त्याआधी त्या जागेचं नाव होतं गोठलेलं टेकाड.”

“मग ब्रूसार्ड कुठले?” मी विचारलं.

त्यांनी एक जुनी टेलिफोन डिरेक्टरी काढून आंद्रेसमोर उघडली. पान, त्यापुढे पान, त्यापुढे पान, बारीक अक्षरांत सगळे ब्रूसार्डच. मग त्यांनी सांगितलं ते मी टिपून घेतलं. जुन्या फ्रेंचमध्ये झुडपांच्या रानाला जो शब्द होता, त्यावरून हे नाव पडलं असावं. झुडपांच्या रानात राहणारा, तो ब्रूसार्ड. काही जण वेगळं सांगतात, नक्की कुणालाच माहीत नाही. आपल्याकडे विदर्भात झाडे आडनाव आहे, त्याच्या जवळपासचं. फ्रान्समधून ही माणसं समुद्र ओलांडून गेली कॅनडाच्या किनाऱ्यावर, तिथे खाडीचं पाणी बांधांनी अडवून शेती केली. अठराव्या शतकात इंग्रजांनी त्यांना हाकललं, घरं जाळली, जहाजांत भरून जिकडे-तिकडे पाठवलं. वर्षानुवर्षं भटकून त्यांतले काही या दलदलीत येऊन पोचले. घर गेलं, गुरं गेली, बांध गेले. उरलं ते बोलायची भाषा आणि आडनाव. कुठल्या तरी फ्रेंच झुडपात राहणाऱ्या एका माणसाला शेजाऱ्यांनी मारलेली हाक, आणि ती इथल्या पाण्याच्या टाकीपर्यंत येते. मी खरंच थक्क झालो होतो. त्या डिरेक्टरीवर हात ठेवून बसावंसं वाटलं.

क्लेअरबाईंनी डिरेक्टरी मिटली. “ही गोऱ्या ब्रूसार्डांची गोष्ट झाली,” त्या आंद्रेला म्हणाल्या. “तुमची वेगळी असेल. तुमच्या घरच्या जुन्या कागदांत आडनाव नसतं. गुलामांच्या विक्रीच्या कागदात असतं फक्त पहिलं नाव आणि वय. मी शोधू शकते, पण महिने लागतील. घरातलं सगळ्यात म्हातारं जिवंत माणूस कोण आहे?”

आंद्रेने खिशातून एक ख्रिसमस कार्ड काढलं. अकरा वर्षांपूर्वीचं. आजोबांची बहीण ओडील, सेंट मार्टिनव्हिल. त्याच्या आईने निघताना दिलं होतं. ती हयात आहे का तेही त्याला माहीत नव्हतं.

“मग इथे काय करताय?” क्लेअरबाई म्हणाल्या. “कागद कुठे पळून जात नाहीत.”

शनिवारी सकाळी सेंट मार्टिनव्हिल. लाफायेतहून अर्धा तास, पण उसाचा ट्रक पुढे आला तर पाऊण तास धरा. बायू तेश नावाची संथ, चहाच्या रंगाची नदी गावातून वाहते. काठावर प्रचंड ओक, फांद्या जमिनीला टेकलेल्या आणि त्यांवरून राखाडी शेवाळ लोंबतंय. इतकी म्हातारी झाडं मी पाहिली नव्हती.

पत्त्यावरचं घर लाकडी, निळं, पुढे व्हरांडा. व्हरांड्यात एक बाई पेकान फोडत बसली होती, पेकान म्हणजे इथला आक्रोड. वय अठ्ठ्याऐंशी, हे तिने नंतर सांगितलं. आंद्रे पायऱ्यांशी थांबला. “मी आंद्रे,” तो म्हणाला. “रेमंडचा मुलगा. विल्फ्रेडचा नातू.”

तिने अडकित्ता खाली ठेवला. “जवळ ये, शा.” शा म्हणजे इकडचं सोन्या, बाळा. त्याला खाली वाकायला लावून तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि कितीतरी वेळ नुसतं पाहिलं. “कान विल्फ्रेडचे,” ती शेवटी म्हणाली. आंद्रे सहा फूट दोन इंच आहे. तो गुडघ्यांवर बसून राहिला. नीलिमा पदर नसताना पदर शोधत होती.

ताँत ओडीलने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. ताँत म्हणजे आत्या. आंद्रेला आणि मला गंबो, म्हणजे दाट काळपट रस्सा आणि त्यात भात. नीलिमा मटण खात नाही म्हटल्यावर तिने विचारात पडून मक्याचा पाव कापला आणि त्यावर डब्यातून काहीतरी दाट, तांबूस ओतलं. नीलिमाने बोट लावून चाखलं. “अहो, काकवी आहे ही,” ती म्हणाली. तिने तीन तुकडे खाल्ले. परतताना एक डबा विकत घेतला. कुठल्याही किराणा दुकानात सहा-सात डॉलरला मिळतो, जरूर आणा.

जेवणानंतर आंद्रेने विचारलं. लग्नात पणजोबांचं नाव घ्यायचं असतं, तुमच्या वडिलांचं नाव काय होतं.

“एक माणूस होता,” ताँत ओडील म्हणाली. “ऊसतोडीच्या हंगामात यायचा. दोनदा आला, मग आला नाही. त्याचं नाव मला माहीत आहे. पण त्याने आम्हाला त्याचं नाव दिलं नाही, तर मी ते तुझ्या लग्नात का देऊ?”

आंद्रेचा चेहरा उतरला. त्यासाठीच तर आलो होतो.

“आमचं ब्रूसार्ड माझ्या आईचं आहे. फिलोमेन ब्रूसार्ड. माझी आई, विल्फ्रेडची आई. आम्हाला दोघांना तिने दुसऱ्यांचे कपडे धुऊन वाढवलं. तिचं नाव तिच्या बापाकडून आलं, आल्सीदकडून. आणि आल्सीदचं त्याच्या आईकडून, मारीकडून.”

“आणि मारीचं मालकाकडून,” आंद्रे म्हणाला. त्याच्या आवाजात कडवटपणा होता. “मग ते आपलं कसं?”

ताँत ओडीलने पेकानची टोपली मांडीवर ओढली. “तुला कुणी सांगितलं नाही. विल्फ्रेडला टेक्सासला जायची घाई होती. ऐक. मारीला तीन मुलं. दोन मोठी मळ्यावरून विकली गेली, कुठे ते तिला कळलं नाही. आल्सीद अंगावर पीत होता तेव्हा सुटका झाली. मग एक माणूस वही घेऊन आला, सगळ्यांची नावं लिहायला. म्हणाला, कुठलंही आडनाव घ्या, आता तुम्ही मोकळे. कुणी फ्रीमन घेतलं, कुणी आणखी काही. मारी म्हणाली, ब्रूसार्ड लिही. बाकीच्या बायका तिच्यावर चिडल्या, त्याचं नाव कशाला घेतेस म्हणून. ती म्हणाली, माझ्या पोरांना तेवढंच माहीत आहे. ब्रूसार्डांच्या मळ्यावरून आलो, एवढंच ती सांगू शकतील. ती शोधत आली तर त्यांना मी सापडायला हवी.”

टोपलीतला पेकान फुटल्याचा आवाज आला. “आली का?” शेवटी नीलिमाने विचारलं.

“नाही. पण आम्ही नाव बदललं नाही.”

कालपासून मी आडनावांवर जे काही शहाणपण गोळा केलं होतं, ते सगळं त्या व्हरांड्यात मला फिकं वाटलं. झुडपांचं रान, समुद्र, जहाजं, सगळं. एका बाईने आपल्याला विकत घेणाऱ्याचं नाव दारावरच्या दिव्यासारखं लावून ठेवलं, मुलांना अंधारात घर दिसावं म्हणून. आंद्रे उठून व्हरांड्याच्या टोकाला गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मी त्याच्यामागे जाणार होतो, नीलिमाने माझा हात धरून मला बसवलं.

मग ताँत ओडील माझ्याकडे वळली. “तुमच्याकडे कोणाकोणाची नावं घेतात?” मी वडील, आजोबा, पणजोबा म्हणून दाखवले. “आणि बायका?” मी आईचं सांगितलं. आजी सरस्वती. पणजीशी आलो आणि तोंड उघडंच राहिलं. “विचारून घ्या,” ती म्हणाली, “अजून कुणी विचारण्याजोगं असेल तर.”

दुपारी ती आम्हाला दफनभूमीत घेऊन गेली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथे तूसाँ असतो, गेलेल्यांचा दिवस, आणि त्याआधी घरोघरची माणसं कबरी घासून रंगवतात. इथे पाणी वर असल्यामुळे कबरी जमिनीच्या वर बांधतात, विटांच्या, गिलावा केलेल्या. उसाच्या रानाच्या कडेला शंभरेक पांढऱ्या कबरी उन्हात झगझगत होत्या. माणसं बादल्या, ब्रश, शेवंतीच्या कुंड्या घेऊन आली होती, पोरं पळत होती, कुणीतरी सँडविच वाटत होतं. बहुतेक कबरींवर कोरीव दगड नाही. नावं काळ्या रंगाने हाताने लिहिलेली, दर वर्षी पुन्हा लिहायची. लिहिणारा थांबला की दोन-तीन पावसांत नाव जातं. मी सरळ ओळीने तशा कितीतरी कोऱ्या कबरी पाहिल्या.

फिलोमेनच्या कबरीवर दोन अक्षरं कशीबशी उरली होती. गुडघे गेल्यापासून ताँत ओडीलला खाली बसता येत नव्हतं. मी आणि नीलिमाने कबर घासली, आंद्रेने पांढरा रंग दिला. ऊन कडक होतं, तासाभरात वाळला. मग त्याने बारीक ब्रश घेतला. ताँत ओडील घडीच्या खुर्चीत बसून एकेक अक्षर सांगत होती. लोकांचे मोडलेले खांदे सरळ करणारे हात त्याचे, पण पहिलं अक्षर वाकडं आलं. तो पुसायला गेला तर ती म्हणाली, “राहू दे. तूच लिहिलंस हे दिसायला हवं.” फिलोमेन ब्रूसार्ड. लिहून झाल्यावर तो मागे सरकला आणि रडला, तोंड न लपवता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिथे उभं राहून मला देवळात वाटतं त्यापेक्षा जास्त काहीतरी वाटत होतं, याहून वेगळं मला सांगता येत नाही.

रविवारी परतीचा प्रवास. या वेळी मी इंटरव्ह्यू केला नाही. आंद्रेच बोलत होता, मुक्ताशी, फोन स्पीकरवर ठेवून. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ओके. माझं नाव मी बदलणार नाही, ते ठरलंय. बट द किड्स आर ब्रूसार्ड. नो हायफन, बाबा, प्लीज डोंट स्टार्ट.” मी सुरू करणार नव्हतो.

घरी येऊन गुरुजींना फोन केला. पणजोबांच्या जागी पणजी आहे म्हटल्यावर ते थांबले. म्हणाले, असं मी कधी म्हटलेलं नाही, विभक्ती बदलावी लागेल, विचार करून सांगतो. दुसऱ्या दिवशी त्यांनीच फोन केला. “काका, वंश सांगायचा असतो. त्यांचा वंश या बाईंपासून चालला, तर त्यांचंच नाव घेणार. तीनदा घेणार.” फॉर्ममधला तो रकानाही त्यांनी दुरुस्त करून पाठवला. आंद्रेने तो कामावरून सुटल्यावर गाडीत बसूनच भरला.

हे लिहायला बसलो ते खरं तर रस्ते, बूदँ आणि हॉटेलांची माहिती द्यायला. ती वर दिली आहेच. चार दिवस, तीन माणसं, साधारण सातशे डॉलर. ऑक्टोबरअखेर जा, ऊसही दिसेल आणि तूसाँही. पण परत आल्यापासून माझं लक्ष माझ्याच फॉर्मवर आहे. त्यात बळवंत आहेत, आणि बळवंतरावांची बायको नाही. कुणी विचारलीच नव्हती.

परवा सकाळी नागपूरला आत्याला फोन केला. आत्या शहाऐंशीची, डोकं एकदम ठणठणीत. माझी पणजी म्हणजे तिची सख्खी आजी. बळवंतरावांची तीन गावांची मालगुजारी, त्यांची घोडी, त्या घोडीचं नाव हिरा, सगळं आत्याला पाठ. मी म्हटलं, “आत्या, पणजीचं नाव काय होतं?”

“आजीचं? सगळे तिला मोठी म्हणायचे.”

“ते हाक मारायला. नाव काय?”

“सासरचं वेगळं ठेवलं असेल, लग्नात बदलायचे ना रे. माहेरचं...” ती थांबली. मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. “थांब हं, आठवते.” मी थांबलो. दोन मिनिटं झाली असतील. मग आत्याचा आवाज आला, कधी न ऐकलेला, अगदी लहान.

“अरे, मी तिच्या कुशीत झोपायचे रे. दहा वर्षांची होईपर्यंत. आणि मला तिचं नाव नाही माहीत.”